प्लेग, पंडिता आणि एक पत्र

१८९७ सालच्या वसंतात पुणे शहर दोन भयांच्या कात्रीत सापडले होते. एक भय ग्रंथिक संनिपाताचे, म्हणजे प्लेगचे. काखेत वा जांघेत गाठ उठली, अंगात ताप भरला की दोन-चार दिवसांत माणूस हातचा जाई. दुसरे भय दारावर पडणाऱ्या थापेचे होते. गोरे शिपाई घरात शिरत, माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत जात, आजाऱ्याला उचलून प्लेगच्या इस्पितळात नेत आणि घरातील बाकीच्यांना शहराबाहेरच्या छावणीत धाडत. रोगाच्या भीतीने लोक एकमेकांपासून दूर जात होते. तपासणीच्या भीतीने मात्र आजारी माणसाला अडगळीत, माळ्यावर, नातलगांकडे लपवत होते.

याच दिवसांत शहरातील शारदासदन या संस्थेच्या चालक पंडिता रमाबाई यांच्यासमोर शेकडो मुलींच्या जिवाचा प्रश्न उभा होता. मध्य प्रांतातील दुष्काळातून त्यांनी वाचवून आणलेल्या या मुली होत्या. उपासमारीने खंगलेल्या, अंगावर व्रण असलेल्या आणि परक्या माणसाला पाहताच दचकणाऱ्या. प्लेगच्या नियमांमुळे इतक्या मुली शहरात एकत्र ठेवता येईनात. त्यांना कुठे न्यावे, काय खाऊ घालावे आणि कोणावर विश्वास ठेवावा, हे प्रश्न एकाच वेळी सोडवायचे होते. त्या वेळी रमाबाईंचे वय एकोणचाळीस होते. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर या परीक्षेची तयारी लहानपणापासूनच होत आली होती, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला आणि त्यापायी स्वजनांचा रोष ओढवून घेतला. पुढे आई लक्ष्मीबाईंनीच धाकट्या मुलीला पहाटेच्या अंधारात संस्कृतचे धडे दिले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने आश्रम सोडला आणि तीर्थयात्रा सुरू केली. मंदिराच्या आवारात बसून पुराण सांगायचे आणि जी दक्षिणा मिळेल तीवर निर्वाह करायचा, हा त्यांचा क्रम होता. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहान वयातच मुखोद्गत झाले होते.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि या कुटुंबाचा आधार तुटला. पुराण ऐकायला लोक येईनात, दक्षिणा मिळेना. शास्त्र्यांच्या घराण्याने अंगमेहनतीचे काम करायचे नाही, हा संस्कार इतका पक्का होता की मजुरीचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. जवळ होते ते देवकार्यात, दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. संकटातून देव सोडवील या आशेवर उपवास घडत राहिले आणि शेवटी झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. तेव्हा चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी असल्याने तिरडीचे टोक त्यांना डोक्यावर घ्यावे लागले.

या अनुभवाने त्यांच्या मनात एक शंका कायमची रुजवली. विधी पार पाडला, द्रव्य वाहिले की संकट टळेल, या हिशेबाच्या श्रद्धेवरचा त्यांचा विश्वास उडाला. पण ईश्वराचा शोध थांबला नाही. भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्यासह त्यांनी हजारो मैल पायी तुडवले आणि १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, असा हा विवाह होता. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारींचा बळी घेतला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. दुष्काळाने माहेर नेले, साथीने संसार नेला. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवेत, असा आग्रह त्यांनी धरला. परपुरुषासमोर दुखणे सांगण्याच्या लाजेने बायका मरतात, हे त्यांनी पाहिले होते. स्वतः वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या इच्छेने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत पुरा झाला नाही. मात्र त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

महाराष्ट्रात या बातमीने खळबळ माजली. एवढी विदुषी परधर्मात गेली, याचे दुःख अनेकांना झाले. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या हवाली केली नव्हती. वाँटेजच्या मठातील भगिनींनी आणि इंग्लंडमधील धर्मगुरूंनी जे सांगितले, ते सारेच त्यांनी मानले नाही. चर्चच्या शिकवणुकीतील जी गोष्ट पटली नाही, तीविषयी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. आज्ञापालनापेक्षा सद्सद्विवेकाला त्या अधिक मान देत. या स्वभावामुळे त्यांच्या हितचिंतकांना वेळोवेळी मनस्ताप झाला. मात्र प्लेगच्या दिवसांत हाच स्वभाव त्यांच्या कामी आला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. या संस्थेने दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, अशी मूळ अट होती. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. केसरीने कठोर टीका केली. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंवरचा हा अविश्वास पुढे कधीच पूर्णपणे ओसरला नाही. टीकाकारांच्या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते, असेही म्हणता येणार नाही. निराधार मुलीने आश्रयदात्याचा धर्म स्वीकारावा, यात तिची स्वतःची निवड किती, हा प्रश्न त्या काळी खरा होता आणि आजही आहे.

अशा परिस्थितीत १८९६ साल उजाडले. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शारदासदनासाठी मिळणारा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता, दुष्काळपीडितांसाठी नव्हता. संस्थेचे घर लहान होते. कोणीही व्यवहारी माणसाने हात आखडता घेतला असता. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे मात्र वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपली उपाशी आई होती. त्या मध्य प्रांतात गेल्या.

तेथे त्यांना जे दिसले, ते केवळ भुकेचे दृश्य नव्हते. सरकारने उघडलेल्या अन्नछत्रांत आणि निराधारांच्या छावण्यांत अन्न होते, पण संरक्षण नव्हते. तरुण मुलींवर दलालांची नजर होती आणि ज्यांच्या हाती छावणीची व्यवस्था होती, त्यांच्यातीलही काही जण याच पापात सामील होते. पोटाला अन्न मिळावे म्हणून मुलींना अब्रूची किंमत मोजावी लागत होती. रमाबाईंनी हे निर्भीडपणे लिहून प्रसिद्ध केले. सरकारी छावणी म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण त्यांच्या मनातून तेव्हाच पुसले गेले. पुण्यात जे पुढे घडले, त्याकडे त्यांनी याच नजरेने पाहिले.

त्या मुली घेऊन परतत होत्या, तेव्हा दुसरे संकट आधीच मुंबईच्या बंदरात उतरले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले होते. मुंबईतून लाखो लोक गावाकडे निघाले आणि रेल्वेच्या वाटेने रोगही निघाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. घरे तपासणे, प्रवासी अडवणे, संशयितांना वेगळे ठेवणे, असे व्यापक अधिकार त्याने सरकारला दिले. त्याच महिन्यात पुण्यात प्लेगनिवारणाची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे आली आणि मार्चमध्ये सैनिकांच्या तुकड्यांनी घरझडती सुरू केली.

त्या वेळचे वैद्यकीय ज्ञान अपुरे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी ओळखला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. परंतु हा रोग उंदरावरील पिसवांमधून माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे १८९७ मधील सारा रोख माणसांवर, त्यांच्या घरांवर आणि सामानसुमानावर होता. जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई, अंथरूण-पांघरूण जाळले जाई. उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, या जुन्या शहाणपणात प्रत्यक्षात अधिक बचाव होता. पण तो उपाय ज्यांच्याकडे रान होते त्यांनाच शक्य होता.

रमाबाईंकडे सुदैवाने रान होते. पुण्याच्या पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर, रेल्वेच्या मार्गावर केडगाव येथे त्यांनी थोड्याच काळापूर्वी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. संस्थेला फळबागेचे उत्पन्न मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. तेथे राहण्यायोग्य इमारती नव्हत्या. तरीही दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी तेथे हलवले आणि तंबूंत, झोपड्यांत त्यांची सोय केली. ऊन, वारा, विंचूकाटा यांचा त्रास होता. ज्या मुलींना मरणाच्या दारातून आणले, त्यांना उघड्या माळावर नेणे हे धाडसच होते. त्यांच्यापैकी काही जणी उपासमारीच्या परिणामांतून वाचू शकल्या नाहीत. पण शहरातील दाटीतून त्या बाहेर पडल्या. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला. वर्षभरात या मुलींची संख्या तीनशेच्या घरात गेली.

शारदासदन मात्र पुण्यातच होते आणि प्लेगच्या नियमांच्या कक्षेत होते. तेथील एका मुलीला प्लेगच्या संशयावरून इस्पितळात नेण्यात आले. तिला तेथून पुढे छावणीत पाठवण्यात आले आणि ती सुरक्षितपणे परत आली नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. एका मुलीचा हा प्रश्न होता. साथीच्या धामधुमीत रोज माणसे मरत असताना कोण्या अनाथ मुलीची चौकशी कोण करणार? रमाबाईंनी केली. ज्या सरकारी यंत्रणेने मुलीला ताब्यात घेतले, तिनेच तिचा हिशेब दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

मे १८९७ मध्ये त्यांनी बाँबे गार्डियन या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची जी व्यवस्था होती, तिच्यावर त्यांनी उघड आरोप केले. तेथे स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, तरुण मुलींवर जबाबदार स्त्रियांची देखरेख नाही, असा त्यांच्या लिखाणाचा आशय होता. हंटर आयोगापुढे पंधरा वर्षांपूर्वी मांडलेला मुद्दाच येथे नव्या रूपात पुढे आला होता. आजारी बाईला औषधाइतकीच विश्वासू बाईमाणसाची गरज असते, असा तो मुद्दा होता.

हे पत्र लिहिण्यात केवढी जोखीम होती, याची कल्पना करायला हवी. रमाबाई ख्रिस्ती होत्या. त्यांचे पाठीराखे इंग्लंड-अमेरिकेतील ख्रिस्ती लोक होते. स्वतःचा समाज दुरावलेला असताना राज्यकर्त्यांची सहानुभूती हेच त्यांचे संरक्षण, असे कोणालाही वाटले असते. राज्यकर्तेही ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती, तेव्हा त्या सरकारची बाजू घेणार, असे अनेकांनी गृहीत धरले होते. पण धर्म एक असल्याने अन्यायाकडे डोळेझाक करावी, हे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. उलट ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारच्या छावणीत असहाय मुलीची विटंबना होत असेल, तर ते सांगण्याचे कर्तव्य ख्रिस्ती माणसाचेच आधी आहे, असा त्यांच्या वर्तनाचा अर्थ होता.

पत्राचे पडसाद थेट लंडनपर्यंत उमटले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या विषयावर प्रश्न विचारला गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे आरोप चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या.

दरम्यान पुण्यात परिस्थिती हाताबाहेर गेली होती. मे महिन्यात घरझडतीची मोहीम थांबली, पण लोकांच्या मनातील धग शमली नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा होत असताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. जुलैअखेर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि पुढे अठरा महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्या वेळी इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी तेथील वृत्तपत्राला माहिती दिली होती. मायदेशी परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. अशा वातावरणात सरकारविरुद्ध केलेले विधान मागे न घेणे, हे एकट्या स्त्रीला किती जड गेले असेल! तिच्या मागे ना पक्ष होता, ना वृत्तपत्र, ना जात.

त्याच वर्षी पुण्याच्या वेशीजवळ आणखी एका स्त्रीने प्लेगशी झुंज दिली होती. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. दोघींचे मार्ग वेगळे, श्रद्धा वेगळी. पण ज्यांना कोणी हात लावायला तयार नव्हते, त्यांना जवळ करण्याचे धैर्य दोघींनी दाखवले.

रमाबाईंच्या श्रद्धेचे स्वरूप या काळात अधिक स्पष्ट झाले. इंग्लंडमध्ये अनाथालय चालवणारे जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा त्यांच्यावर प्रभाव होता. वर्गणीची याचना न करता प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवायची, हा मार्ग त्यांनी स्वीकारला. पण प्रार्थना केली म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. केडगावात त्यांनी विहिरी खोदवल्या, धान्य साठवले, शेती उभी केली. नव्याने आलेल्या मुलींना स्वच्छ करणे, त्यांच्या जखमा बांधणे, आजारी मुलींना वेगळे ठेवून शुश्रूषा करणे, हा संस्थेचा दिनक्रम झाला. बालपणी अंगमेहनतीला कमी लेखणाऱ्या श्रद्धेचा परिणाम त्यांनी पाहिला होता. त्यामुळे त्यांच्या संस्थेत प्रार्थनेच्या जोडीला जाते, माग, तेलघाणा, गोठा आणि छापखाना आला. मुलींनी आपल्या हातांनी पोट भरता यावे इतके शिकलेच पाहिजे, हा तेथील नियम होता.

१८९९-१९०० मध्ये गुजरात आणि राजपुतान्यात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. या वेळी रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया आणि आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीही मदतीसाठी धावल्या. ज्यांना चार वर्षांपूर्वी उचलून आणावे लागले होते, त्याच आता इतरांना आणू लागल्या. मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली, वृद्ध आणि अपंग स्त्रियांना आसरा मिळाला. जातीची अट नव्हती. शारदासदनाच्या सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांपुरते असलेले कार्य दुष्काळ आणि प्लेग या दोन संकटांनी सर्व जातींच्या स्त्रियांपर्यंत नेले.

मनोरमाबाई परदेशातील शिक्षण संपवून आईच्या कामात सामील झाल्या. १९१० च्या दशकात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परभणी, पूर्णा, ताडकळस हा गोदाकाठचा मराठी मुलूखही त्याच राज्याचा भाग होता. मुंबई-पुण्यात मुलींच्या शाळा निघून कित्येक दशके उलटली, तरी या राज्यात स्त्रीशिक्षणाची वाट अरुंदच होती. केडगावहून तिकडे गेलेले हे पाऊल म्हणूनच मोलाचे ठरते.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एक वेगळेच काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल सामान्य बायकांना समजायला कठीण जाते, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम अनेक वर्षे चालवले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या छापखान्यात मुली आणि स्त्रियाच करीत. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. ज्या सरकारने बावीस वर्षांपूर्वी त्यांचे आरोप खोटे ठरवले होते, त्याच सरकारचे हे पदक होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या कन्येला त्यांनी उत्तराधिकारी मानले होते, तीच आधी गेली. पुढे जेमतेम आठ-नऊ महिन्यांनी, बायबलच्या भाषांतराचे काम आटोपून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

पंडिता रमाबाईंची आठवण बहुधा धर्मांतराच्या वादाच्या निमित्ताने काढली जाते. त्यांच्या चरित्रातील प्लेगचे पर्व त्या मानाने दुर्लक्षित राहिले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र सरकारने नियमावली काढली, ती १८९७ च्या त्याच साथरोग कायद्याच्या आधारे. पुन्हा माणसांना वेगळे ठेवावे लागले, पुन्हा देवळे, मशिदी, चर्च बंद झाली आणि पुन्हा आजार लपवण्याचे प्रकार घडले. विलगीकरण आवश्यक असते, याविषयी आज दुमत नाही. रमाबाईंनीही संसर्ग नाकारला नव्हता. मुलींना शहराबाहेर नेऊन त्यांनी तो धोका मान्यच केला होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ज्याला आपण इतरांच्या सुरक्षिततेसाठी घरातून उचलून नेतो, त्याची सुरक्षितता ही नेणाऱ्याची जबाबदारी असते. ती पाळली गेली नाही, तर लोक रोगापेक्षा उपायाला अधिक भितात आणि मग उपायही फसतो. १८९७ च्या पुण्याने हे फार मोठी किंमत देऊन पाहिले.

श्रद्धा भीती नाहीशी करते का, या प्रश्नाला रमाबाईंच्या जीवनाने सरळ उत्तर दिलेले नाही. दुष्काळाची भीती त्यांच्या मनातून कधी गेली नसावी. विहिरी आणि धान्याची कोठारे याची साक्ष देतात. पण त्या भीतीमुळे त्यांनी दार बंद करून घेतले नाही. उपाशी मुलींसाठी त्यांनी दार उघडले आणि हरवलेल्या एका मुलीसाठी साम्राज्याच्या गव्हर्नराला जाब विचारला. दौंड तालुक्यातील केडगावला आजही मुक्तिमिशनचे काम चालू आहे. ज्या माळावर प्लेगच्या वर्षी तंबू ठोकले गेले, तेथे सव्वाशे वर्षांनंतरही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा मिळतो आहे.